दिवाळीनंतरची सामूहिक परसबाग : काय लावावे याआधी किती लावावे

ताई, आपला प्रश्न मला असा समजला. नांदेडमधील आपल्या वसाहतीच्या आठ गुंठे मोकळ्या जागेवर जूनमध्ये वीस-बावीस जणांनी मिळून भाजीपाल्याची बाग सुरू केली. पावसाळ्यात भेंडी, गवार, दोडकी आणि अंबाडी भरपूर निघाली. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यापासून मात्र रविवारी जेमतेम आठ माणसे येतात, भेंडी केवडा रोगाने पिवळी पडली आहे, दोडक्याचे वेल वाळत चालले आहेत आणि कडेचे तण कमरेला लागले आहे. अशा वेळी कोणी सुचवले आहे की पॉवर टिलर, म्हणजे माती खणणारे छोटे यंत्र, लावून सगळी जागा एकदाची मोकळी करावी आणि हिवाळी भाज्या लावाव्यात. तेव्हा सगळी जागा खणावी का, आणि आता कोणत्या भाज्या घ्याव्यात, असे आपण विचारले आहे.

भाज्यांची यादी मी पुढे देतोच, पण आपली अडचण यादीची नाही. पाऊस पाणी देत होता आणि उत्साह माणसे देत होता, तोवर आठ गुंठे पेलले. आता पाणी तुम्हाला द्यायचे आहे आणि माणसे आठ आहेत. आमची परभणीतील सहा गुंठ्यांची बाग २०११ पासून अशीच श्रमदानावर चालते आणि पहिल्या तीन हिवाळ्यांत आम्ही दर वेळी याच ठिकाणी चुकलो, म्हणून सांगतो : हिवाळ्याच्या तोंडावर बाग आधी आवरून लहान करावी, उरलेल्या जागेवर पाण्याविना तग धरणारे रब्बी पीक टाकून द्यावे आणि पॉवर टिलरला सध्या नको म्हणावे.

काही गोष्टी मात्र आपल्या जागेवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. जमीन खरी काळी आहे की बांधकामाच्या वेळी मुरूम टाकून भरलेली, परतीचा शेवटचा पाऊस किती दिवसांपूर्वी झाला, बोअरचे पाणी किती खारट आहे, यांनुसार माझे आकडे खालीवर होतील. आणखी एक गोष्ट सहसा कोणी पाहत नाही, ती म्हणजे इमारतीची सावली. जूनमध्ये सूर्य भर माथ्यावर असतो, डिसेंबरमध्ये तो दक्षिणेकडे इतका कलतो की नांदेडच्या अक्षांशावर भर दुपारीसुद्धा इमारतीच्या उंचीच्या जवळजवळ नऊ-दशांश लांबीची सावली तिच्या उत्तरेला पडते. तीस फूट उंच इमारत बागेच्या दक्षिणेला असेल तर सत्तावीस फुटांचा पट्टा दुपारीही सावलीत राहील आणि सकाळ-संध्याकाळ त्याहून जास्त. त्या पट्ट्यात टोमॅटो किंवा वाटाणा लावला तर नुसता पाला वाढेल. तिथे पालक आणि कोथिंबीर ठेवावी, खताचा ढीगही तिथेच करावा. येत्या रविवारी दुपारी बारा-साडेबाराला सावलीच्या कडेवर चार दगड ठेवून या, पुढचे नियोजन त्या दगडांवरून होईल.

आता पाण्याचा हिशेब. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. आपल्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरात भाजीपाल्याला दिवसाला साधारण चार मिलिमीटर पाणी लागते असे धरून मी चालतो, फेब्रुवारीच्या अखेरीस ते सहावर जाते आणि मार्चमध्ये सात-आठवर. हे ठोकताळे आहेत, पण निर्णय घ्यायला पुरेसे आहेत. आठ गुंठे म्हणजे सुमारे आठशे चौरस मीटर. वाटा, खताचा ढीग आणि बसायची जागा वगळली तर पाचशे चौरस मीटर वाफे होतात. त्यांना डिसेंबरात रोज दोन हजार लिटर आणि मार्चमध्ये साडेतीन हजार लिटर पाणी लागेल. आपल्याकडे एक बोअर आणि दोन हजार लिटरची टाकी आहे असे आपण लिहिले आहे. बोअर आज दोन हजार लिटर देत असेलही, पण मार्चमध्ये तो किती देतो हे वसाहतीच्या वॉचमनला किंवा पंप चालू-बंद करणाऱ्या माणसाला विचारा, त्याला मिनिटांत उत्तर माहीत असते. आज किती पाणी आहे ते स्वतः मोजायचे असेल तर दोनशे लिटरचा ड्रम पाइपखाली ठेवावा, तो किती वेळात भरतो आणि पंप हवा ओढू लागेपर्यंत असे किती ड्रम भरतात ते लिहून ठेवावे.

या हिशेबावरून आम्ही एक नियम केला आणि तो आजवर मोडलेला नाही. महिना-दीड महिन्यात निघणाऱ्या पालेभाज्या डिसेंबरच्या पाण्यावर मोजाव्यात आणि मार्चपर्यंत शेतात उभी राहणारी पिके, म्हणजे लसूण, वांगी, टोमॅटो, ही मार्चच्या पाण्यावर मोजावीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपल्याला आठवत असेल. त्या हिवाळ्यात आमच्याकडेही बोअर जानेवारीतच गुरगुरू लागला होता. आम्ही टोमॅटोची चाळीस झाडे हिरवीगार असताना उपटली, त्याचे वाईट वाटले, पण नोव्हेंबरात ती लावतानाच हिशेब केला असता तर ती वेळ आली नसती.

माणसांचाही असाच हिशेब करावा लागतो. आमचा अनुभव असा की वाफे एकदा तयार झाले की आठवड्याला दीड तास नेमाने देणारा एक माणूस वीस चौरस मीटर भाजीपाला नीट सांभाळतो, म्हणजे खुरपणी, विरळणी, पाणी आणि काढणी यांसह. आपली आठ माणसे म्हणजे एकशे साठ चौरस मीटर, दीड गुंठ्याहून थोडे जास्त. एवढ्या जागेला डिसेंबरात साडेसहाशे लिटर आणि मार्चमध्ये अकराशे-बाराशे लिटर पाणी रोज लागेल, ते आपल्या टाकीत बसते. पूर्वी गावात इर्जिक घालत, सगळ्यांनी मिळून एकाच्या शेतात राबायचे आणि त्याच्याकडे जेवून घरी जायचे. जूनमध्ये आपण जे केले ती इर्जिक होती. ती एका दिवसाची असते. हिवाळी बागेला रोज पाण्याच्या पाळीला कोणीतरी हवे असते, म्हणून रविवारी किती येतात याच्याइतकेच बुधवारी कोण येऊ शकते हेही मोजा.

सगळी जागा खणण्याबद्दल माझा विरोध थोडा सविस्तर सांगतो. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्याची ओल दोन-अडीच फुटांपर्यंत मुरलेली असते आणि दिवाळीनंतर पाणी देण्याआधी तीच आपली ठेव असते. जमीन उलथली की वरची सहा-आठ इंच ओल दोन दिवसांत उडून जाते. त्यातही खणताना वापसा, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी कामाजोगी ओल, नसेल तर फार वाईट होते. पहिल्या वर्षी परतीच्या पावसानंतर आठ दिवसांतच आम्ही कुदळी घेऊन उतरलो, चिकण मातीची नारळाएवढी ढेकळे निघाली, ती वाळून विटांसारखी झाली आणि मार्चपर्यंत तशीच पडून राहिली. वापसा आला की नाही ते पाहण्यासाठी चार इंच खोलीवरची मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून टाकावा. तो फुटून भुगा झाला तर काम करावे, चपटा होऊन बसला तर थांबावे. पॉवर टिलरचे आणखी एक संकट म्हणजे हरळी आणि लव्हाळा ही चिवट तणे. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीचे तुकडे तो बागभर पेरून देतो. आम्ही एका कोपऱ्यातला लव्हाळा असा सगळीकडे पोचवला आणि पुढची चार वर्षे तो खुरपत बसलो.

म्हणून जे एकशे साठ चौरस मीटर निवडाल तेवढेच हाताने तयार करा. जुन्या पिकांपैकी केवडा पडलेली भेंडी सकाळी लवकर उपटावी, कारण केवड्याचा विषाणू पसरवणारी पांढरी माशी गारव्यात सुस्त असते. उपटलेली झाडे टोमॅटोच्या जागेपासून लांब न्यावीत, धांडे चिरून ढिगात टाकले तरी चालतात, कारण हा विषाणू वाळलेल्या काडीतून पुढे जात नाही. तसेही थंडीत भेंडी वाढत नाही, नवी लावायची तर उन्हाळ्यासाठी फेब्रुवारीत लावा. केवड्याला तोंड देणारी ‘परभणी क्रांती’ ही जात आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठातलीच आहे. गवार मात्र उपटू नये, विळ्याने जमिनीलगत कापावी आणि गाठी असलेली मुळे मातीतच राहू द्यावीत. वांग्याची झाडे सुदृढ असतील तर ठेवावीत, वाळकी पाने आणि मान टाकलेले शेंडे खुडून टाकले आणि घमेलेभर शेणखत दिले की ती संक्रांतीपर्यंत फळे देतात. गाजरगवत फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटावे. ज्यांना दमा किंवा त्वचेचा त्रास आहे त्यांना या कामाला लावू नये. आणि काहीही जाळू नका, या काडीकचऱ्याचे जूनपर्यंत खत होते.

उरलेल्या जागेचे काय, हा प्रश्न आता येतो आणि त्याचे मराठवाड्याने फार पूर्वी शोधलेले उत्तर करडई आणि हरभरा हे आहे. दोन्हींची कोरडवाहू पेरणीची योग्य वेळ ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच असते, त्यामुळे दाण्याच्या दृष्टीने आपल्याला उशीर झाला आहे. आपल्याला मात्र दाणे नकोत, भाजी हवी आहे आणि जमीन झाकलेली हवी आहे. वरची माती कोरडी असेल तर एकदाच ओलवून घ्यावी, वापसा आला की तण खुरपून ओळीत बी टोकावे, पुढे पाणी नाही दिले तरी चालते. करडई दाट पेरावी आणि वीस-पंचवीस दिवसांनी विरळणी करावी. ती विरळलेली कोवळी रोपे म्हणजेच करडईची भाजी, लसणाची फोडणी आणि वरून भाकरी, हे आपल्याला मी सांगायला नको. उशिरा पेरलेल्या करडईवर थंडीत मावा फार येतो, म्हणून आतल्या ओळी पाला कोवळा असतानाच उपटून संपवाव्यात आणि कुंपणाच्या कडेच्या दोन ओळी तेवढ्या ठेवाव्यात. त्यांना काटे आले की शेळ्या आणि मोकाट जनावरे त्या बाजूला फिरकत नाहीत. आमच्याकडे तारेच्या कुंपणापेक्षा या ओळींनी जास्त राखण केली. हरभऱ्याचे शेंडे महिना-सव्वा महिन्याने खुडावेत, भाजी मिळते आणि झाडाला फांद्या फुटतात. मुले आणि नवखे लोक या कामाला आनंदाने येतात, फक्त दव असताना पाल्यावरच्या आंबेने, म्हणजे आंबट ओलाव्याने, हात चुरचुरतात, म्हणून ऊन वर आल्यावर बोलवावे.

मुख्य वाफ्यांत मी निम्मी जागा पालेभाज्यांना देईन : मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, चुका. त्या एकाच दिवशी पेरू नका. हीच चूक नव्या बागेत हटकून होते, मग डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांच्या घरी मेथीच्या पाच-पाच जुड्या जातात आणि नंतर महिनाभर काहीच नसते. चार वाफे करा आणि दर दहा दिवसांनी एक पेरा. मेथीला थंडीत तीस-पस्तीस दिवस लागतात, पालक महिन्याने कापायला येतो आणि दोन-तीन कापण्या सहज देतो, कोथिंबिरीला चाळीस दिवस धरावेत. पालकाचे बी रात्रभर भिजवावे, धने चपलेखाली किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करून मग भिजवावेत. मेथी आणि धने घरच्या डब्यातले चालतात, दुकानातून आणलेले गुलाबी औषध लावलेले बी मात्र उरले तरी स्वयंपाकघरात नेऊ नये.

लसूण हे या दिवसांतले सर्वांत घाईचे काम आहे. नोव्हेंबरच्या मध्यानंतर जितका उशीर होईल तितकी गड्डी लहान राहते. पाकळीचे टोक वर ठेवून चार बोटांच्या अंतरावर, इंचभर खोल लावावे. पीक चार महिन्यांहून थोडे जास्त घेते, म्हणजे मार्चचे पाणी खाते, म्हणून दहा-बारा चौरस मीटरच्या पुढे जाऊ नका. रब्बी कांद्याचा मोह टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची रोपे डिसेंबरात लागतात, काढणी एप्रिलमध्ये होते आणि बाजारात कांदा तेव्हाच सर्वांत स्वस्त असतो. त्याऐवजी घरातले कोंब फुटलेले बारीक कांदे लावा, दीड महिन्यात पात मिळते.

मुळा सोपा आहे, पंचेचाळीस दिवसांत निघतो. गाजर आपल्या भारी जमिनीत हट्ट करते. सपाट वाफ्यात त्याला दोन-तीन पाय फुटतात, म्हणून नऊ-दहा इंच उंच गादीवाफा करून चांगले कुजलेले खत मिसळावे आणि कच्चे शेणखत अजिबात घालू नये. बी उगवायला दहा-पंधरा दिवस लागतात, तोपर्यंत वरची माती सुकली की सगळे गेले, म्हणून वाफ्यावर ओले गोणपाट अंथरावे आणि पहिला अंकुर दिसताच काढावे. वाटाणा लावायचा असेल तर याच आठवड्यात, कारण फेब्रुवारीत ऊन तापले की फुले टिकत नाहीत. कोबी, फुलकोबी आणि टोमॅटोची रोपे यंदा स्वतः करू नका, रोपवाटिकेतून महिन्याची रोपे आणा. आठ माणसांच्या बागेला प्रत्येकी तीस-चाळीस रोपे पुष्कळ झाली. कोबीच्या कडेने मोहरी टाकली तर चौकोनी ठिपक्याच्या पतंगाचा बराचसा भार ती आपल्यावर घेते.

पाण्याबद्दल एक सवय मोडावी लागेल. श्रमदानाला आलेल्या माणसाला झारी धरायला आवडते, त्यामुळे रोज सगळ्या बागेवर थोडे थोडे पाणी शिंपडले जाते. काळ्या जमिनीत त्याने वरचा थर घट्ट होतो, मुळे वरच राहतात आणि बोअरच्या पाण्यातले क्षार पृष्ठभागावर पांढरे होऊन साचतात. उगवणारे बी सोडले तर आठवड्यातून एकदाच, पण दर चौरस मीटरला पंधरा लिटरच्या दोन बादल्या, इतके पाणी सावकाश द्यावे. पालेभाज्यांना तेच दोन हप्त्यांत. पाणी द्यायचे की नाही हे वाफ्याच्या रंगावरून ठरवू नका, खुरपे चार इंच घालून पाहा. पाळी सकाळची ठेवावी. संध्याकाळी भिजलेला पाला रात्रभर ओला राहतो आणि रोग धरतो.

कोबी, टोमॅटो आणि वांग्यांच्या ओळींमध्ये सोयाबीनचे भुसकट दोन-तीन इंच पसरा. या दिवसांत ते खळ्यावर मागाल तितके मिळते. ते मातीत मिसळू नये, कारण कुजताना ते जमिनीतला नत्र ओढते आणि पिके पिवळी पडतात. त्यातून सोयाबीनची रोपे उगवतील, ती हाताने ओढली की निघतात. भुसकटाखाली गोगलगायी लपतात का, एवढे अधूनमधून पाहावे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे त्यांनी सोयाबीनचे काय केले ते आपण पाहिलेच आहे. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी ठेवले की सकाळी त्याखाली त्या गोळा झालेल्या सापडतात. किडींसाठी थंडीभर आम्ही निंबोळी अर्कावरच भागवतो : अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, दहा लिटर पाणी करून, थोडा साबण घालून उन्हे उतरल्यावर फवारणी.

माणसे टिकवण्याबद्दल आपण विचारलेले नाही, तरी लिहितो. गटाला महिन्यांचे वेळापत्रक दिले तर कोणी पाहत नाही, सणांचे दिले तर पाहतात. चंपाषष्ठीला खंडोबाच्या भरिताची वांगी बागेतली, वेळ अमावस्येच्या, म्हणजे शेतात जेवायच्या सणाच्या, भज्जीला (मिसळीच्या भाजीला) हरभऱ्याचा पाला आणि पातीचा कांदा बागेतला, भोगीच्या भाजीला वांगी बागेतली, असे ठरवले की प्रत्येकाला तारखेआधी यावेसे वाटते. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि फेब्रुवारीत बारावी-दहावीच्या परीक्षा येतात, त्या दिवसांत आपल्या आठांतले तीन कमी होतील हे गृहीत धरूनच उन्हाळी भेंडी सोडून जानेवारीनंतर नवा वाफा पेरू नका.

येत्या रविवारी एवढेच करा : दुपारी सावलीचे दगड, बोअरचे मोजमाप, भेंडीची उपटणी आणि लसूण. लसणाचा वाफा दोन माणसांच्या दोन तासांत होतो. करडईचे बी त्याच आठवड्यात टोकता आले तर उत्तम. वाटाणा सोडला तर बाकीचे वाफे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबू शकतात. बोअरचा आकडा आणि जमिनीचा प्रकार कळवलात तर वाफ्यांची मांडणी मी करून देईन.